वाद पंडितांचा की राजाचा?

नागसेनवनातून रोज शेकडो मुले-मुली वह्या-पुस्तके घेऊन ये-जा करतात. मिलिंद महाविद्यालयाची पाटी त्यांच्या रोजच्या नजरेतली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हे महाविद्यालय सुरू केले. पण हा मिलिंद कोण आणि नागसेन कोण, असे विचारले तर किती जणांना सांगता येईल?

मिलिंद हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक वंशाचा राजा. वादविवादात भल्याभल्यांना निरुत्तर करणारा. भिक्खू नागसेनांची भेट झाली तेव्हा त्याने त्यांनाही चर्चेचे आव्हान दिले. नागसेनांनी अट घातली. पंडितांच्या रीतीने चर्चा करणार असाल तर करू, राजांच्या रीतीने करणार असाल तर नाही. राजाने दोन्हींतला फरक विचारला. नागसेनांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की पंडित एकमेकांचे म्हणणे खोडतात, पुन्हा उलगडून पाहतात, चूक दाखवली तर मान्य करतात आणि त्याबद्दल रागावत नाहीत. राजे मात्र एक गोष्ट सांगतात आणि जो ती मानणार नाही त्याला दंड फर्मावतात. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली, म्हणून तो संवाद झाला आणि ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात तो आजही वाचायला मिळतो.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण निराळे आहे. हल्ली दोन वाक्ये आमच्या कानावर वारंवार येतात. एक म्हणजे, “हे विज्ञानाने सिद्ध झालेले आहे.” असे म्हटले की समोरच्याने गप्प बसायचे. दुसरे वाक्य नेमके उलटे आहे. “विज्ञान काय, आज एक सांगते, उद्या दुसरे. त्याचे काय एवढे घेऊन बसलात?” पहिला माणूस विज्ञानाचा देव करतो, दुसरा त्याला बाजारगप्प समजतो. मग खरे काय? विज्ञानावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर? आणि विज्ञानाचा अंगरखा घालून एखादी खोटी गोष्ट दारात आली तर ती ओळखायची कशी? हे प्रश्न विद्यापीठातल्या तत्त्वज्ञांचे आहेत असे वाटेल. आमच्या मते ते वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करून पोरांना शिकवणाऱ्या बापाचेही आहेत. कसे ते पाहू.

नाकाची मोजपट्टी

वस्तीतल्या अभ्यासिकेत बारावीच्या एका मुलाने आम्हाला विचारले, “काका, आमच्या वर्गातला एक जण म्हणतो, हुशारी रक्तातच असते, आता तर डीएनएनेही सिद्ध झालंय. खरं आहे का हे?” मुलगा हसत विचारत होता, पण त्या हसण्यामागे काय होते ते आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्याला नुसते “खोटे आहे, अभ्यास कर” एवढे सांगून भागणार नव्हते. त्याला उत्तर हवे होते आणि उत्तराला पुरावा हवा होता.

त्याच्या वर्गमित्राचा दावा मुळीच नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तो मोजपट्टी घेऊन आला होता. हर्बर्ट रिस्ले नावाचे एक इंग्रज सनदी अधिकारी होते. त्यांनी बंगाल, पंजाब आणि आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात निरनिराळ्या जातींच्या माणसांची नाके मोजवून घेतली. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे आणि शंभराने गुणायचे. येणारा आकडा म्हणजे नासिका-निर्देशांक. आकडा कमी म्हणजे नाक सरळ आणि अरुंद, जास्त म्हणजे नाक बसके आणि रुंद. रिस्लेंनी निष्कर्ष काढला, की नाक जितके रुंद तितका जातीचा सामाजिक दर्जा खाली. जात म्हणजे वंश, आणि वंश नाकावर लिहिलेला! हेच रिस्लेसाहेब १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त झाले आणि त्या जनगणनेत जातींची उच्च-नीच उतरंड सरकारी कागदावर मांडण्याचा उद्योग झाला.

तेव्हाच्या काळात हे ‘विज्ञान’च होते. त्यात उपकरण होते, आकडे होते, तक्ते होते, विलायतेत छापलेली पुस्तके होती. ज्याचे नाक मोजले गेले त्या माणसाने काय करायचे होते? साहेबाला विचारायचे होते, “तुमचा हिशोब दाखवा”? तो वाद राजाच्या रीतीचा होता. सांगणाऱ्याच्या हातात आकडाही होता आणि सत्ताही.

पण आकड्यांचा एक गुण असा, की एकदा छापले की ते कुणाच्याही हाती लागतात. १९३० च्या दशकात कोलकात्याचे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी रिस्लेंचे बंगालमधले तक्ते पुन्हा तपासायला घेतले आणि त्यातल्या आकडेमोडीच्या व छपाईच्या चुका उजेडात आणल्या. मुंबई विद्यापीठाचे प्रा. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात प्रांताप्रांताची मोजमापे शेजारी-शेजारी ठेवून दाखवले, की नाक आणि जातीचा दर्जा यांचा मेळ आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागाबाहेर बसत नाही.

मग १९४८ साली बाबासाहेबांचा अस्पृश्यांच्या मूळ शोधणारा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ आला. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत, म्हणून ते अस्पृश्य ठरले, हा सिद्धांत त्यात त्यांनी तपासायला घेतला. त्यांनी काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे. ‘हे साहेबांचे कारस्थान आहे’ असे म्हणून त्यांनी तक्ते फेकून दिले नाहीत. त्यांनी घुर्ये यांनी मांडलेली तीच मोजमापे घेतली आणि प्रांतवार ब्राह्मणांचे व अस्पृश्यांचे आकडे समोरासमोर लावले. मग त्यांनी युक्तिवाद केला तो ‘जर’ लावून. मानवमिती हे जर वंश ठरवणारे भरवशाचे शास्त्र असेल, तर त्याच शास्त्राच्या आकड्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. म्हणजे शास्त्र खरे धरले तर सिद्धांत पडतो; आणि शास्त्रच खोटे असेल तर सिद्धांताला आधारच उरत नाही. दोन्हीकडून वाट बंद!

या एका ‘जर’मध्ये विज्ञानाकडे पाहण्याची सगळी दृष्टी सामावलेली आहे असे आम्हाला वाटते. बाबासाहेबांनी मोजपट्टीला नमस्कार केला नाही आणि तिला लाथही मारली नाही. त्यांनी तिला साक्षीला उभे केले आणि उलटतपासणी घेतली.

अभ्यासिकेतल्या मुलाला आम्ही यापुढचेही सांगितले. हैदराबादची सीसीएमबी ही संस्था आणि अमेरिकेतील हार्वर्ड येथील शास्त्रज्ञ यांनी मिळून भारतीय उपखंडातल्या ७३ समूहांच्या जनुकांचा अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले, की आजचे जवळजवळ सगळे भारतीय समूह प्राचीन काळच्या वेगवेगळ्या लोकांच्या मिश्रणातून झालेले आहेत. हे मिसळणे साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणावर चालू होते आणि त्यानंतर ते जवळपास थांबले. कारण माणसे आपापल्या गटातच लग्ने करू लागली. आता आठवा, १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी वाचलेला निबंध. जातीचे मर्म गटातल्या गटात लग्न करण्याच्या बंधनात आहे, हेच त्यांनी तिथे मांडले होते. ग्रंथालयातून निघालेली वाट आणि प्रयोगशाळेतून निघालेली वाट, दोन्ही एकाच चौकात येऊन मिळाल्या.

मात्र इथेही आपण पंडितांची रीत सोडू नये. मिश्रणाचे प्रमाण सगळ्या समूहांत सारखे नाही, ते कमी-जास्त आहे, हेही तोच अभ्यास सांगतो. ते लपवण्याचे कारण नाही. पण कमी-जास्त प्रमाणावरून कुणाची बुद्धी किंवा लायकी ठरते, असे त्यात कुठेही निघालेले नाही. वर्गमित्राने ‘डीएनए’ या शब्दाला जे चिकटवले, ते त्याचे स्वतःचे होते. शब्द विज्ञानाचा, पण गाठोडे जुनेच.

तेरीज जुळली म्हणून

आता दुसऱ्या माणसाकडे वळू. विज्ञान बदलते, मग त्याचा भरवसा काय, असे तो विचारतो. या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आमच्या कारकुनीत सापडते. बी.कॉम.ला जमाखर्च शिकवताना एक धडा हमखास असतो. खतावणीतल्या सगळ्या खात्यांच्या बाकी एकत्र मांडून तेरीज करायची, आणि जमेची व नावेची बेरीज सारखी आली का ते पाहायचे. ती जुळली नाही तर चूक आहे हे नक्की. पण जुळली तर? हिशोब बरोबर आहेच असे म्हणता येत नाही! एका गिऱ्हाइकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडली तरी तेरीज जुळते. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला तरी जुळते. म्हणून जुळलेली तेरीज ही ‘अजून चूक सापडलेली नाही’ एवढीच ग्वाही देते.

विज्ञानाचे तसेच आहे. एखादा नियम हजार वेळा खरा ठरला म्हणून हजार एकाव्या वेळी तो खरा ठरेलच, असे तर्काने सिद्ध करता येत नाही. मृग लागले की पाऊस येतो, हा आपल्या आजोबांचा अनुभव होता. १९७२ साली मराठवाड्याने त्या अनुभवाचे काय होते ते पाहिले. ऑस्ट्रियात जन्मलेले तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी याच गोष्टीवर बोट ठेवले. कोणताही सिद्धांत कायमचा सिद्ध होत नाही. मात्र तो खोटा ठरू शकतो. म्हणून ज्या सिद्धांताला खोटे ठरण्याची भीती आहे, जो आधीच सांगून ठेवतो की ‘असे असे घडले तर मी चूक’, तोच सिद्धांत विज्ञानाच्या रांगेत उभा राहू शकतो.

पण तेरीज जुळली नाही म्हणून कुणी दुकान बंद करते का? फरकाची रक्कम उचंत खात्यात, आजच्या भाषेत सस्पेन्स अकाउंटमध्ये टाकतात आणि चूक शोधत राहतात. विज्ञानातही अशी उचंत खाती असतात. युरेनस ग्रह गणिताने सांगितलेल्या वाटेवरून चालत नव्हता. फ्रान्सचे गणिती ल व्हेरिए यांनी हिशोब मांडला, की न्यूटनचा नियम बरोबर आहे, पण पलीकडे आणखी एक न दिसलेला ग्रह असला पाहिजे. १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेने दुर्बीण त्या दिशेला लावली आणि नेपच्यून सापडला. खाते मिटले.

पुढे याच ल व्हेरिए यांना बुध ग्रहाच्या वाटेत बारीकसा फरक आढळला. १८५९ साली त्यांनी तोच उपाय सुचवला, की सूर्याजवळ आणखी काहीतरी न दिसलेले फिरत असले पाहिजे. लोकांनी वर्षानुवर्षे शोधले, काही सापडले नाही. फरक होता किती? शंभर वर्षांत ४३ विकला, म्हणजे एका अंशाच्या ३६०० भागांपैकी केवळ ४३ भाग. एवढ्याशा फरकापायी ते खाते पन्नासहून अधिक वर्षे उघडे ठेवले गेले. १९१५ साली आइन्स्टाईन यांच्या नव्या सिद्धांताने तो फरक तंतोतंत जुळवला. या खेपेला चूक ग्रहांच्या यादीत नव्हती, खुद्द न्यूटनच्या नियमात होती.

तोच विद्वान, तीच रीत. एकदा जुना नियम वाचला, एकदा पडला. कोणता वाचेल आणि कोणता पडेल, हे आधी कुणालाच ठाऊक नव्हते. विज्ञान बदलते म्हणणाऱ्याने हेही पाहावे, की ते का बदलले. कुणाची मर्जी फिरली म्हणून नव्हे, तर शंभर वर्षांतल्या ४३ विकलांचा हिशोब लागेना म्हणून. ज्या वहीतला लहानसा फरकही खोडून टाकत नाहीत, त्या वहीवर भरवसा ठेवायचा नाही तर कोणत्या वहीवर ठेवायचा?

पुण्यातली चाळीस-चाळीस पत्रिकांची परीक्षा

आता आपल्या घराजवळचे उदाहरण. लग्नाची बोलणी सुरू झाली की पत्रिका आजही अनेक घरांत पुढे येते. आपल्याही काही घरांत ती गुपचूप पाहिली जाते, हे कार्यकर्त्यांना माहीत आहे. पत्रिका पाहणारा म्हणतो, पंचांगातले ग्रहण मिनिटावर बरोबर येते, मग भविष्य का येणार नाही? युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण ग्रहण येते ते गणिताने, आणि चुकले तर साऱ्या गावाला दिसते. भविष्याचा दावा त्याच कसोटीवर कुणी घासून पाहिला आहे काय?

पाहिला आहे, आणि तोही आपल्या महाराष्ट्रात. २००८ साली पुण्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे आणि ज्योतिषाचे चिकित्सक अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी एक जाहीर परीक्षा घेतली. शिक्षकांनी हुशार म्हणून निवडलेली १०० मुले आणि मतिमंद मुलांच्या शाळांतील १०० मुले, अशा २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका तयार केल्या. बुद्धी पत्रिकेवरून कळते, असे ज्योतिषी सांगतात. तेव्हा प्रत्येकाला ४० पत्रिका पाठवायच्या आणि कोणती पत्रिका हुशार मुलाची व कोणती मतिमंद मुलाची, एवढेच त्यांनी ओळखायचे. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या. उत्तरे पाठवली २७ जणांनी.

नुसता छापा-काटा केला तरी चाळिसांतली सरासरी वीस उत्तरे बरोबर येतात. या २७ जणांची सरासरी निम्म्याहूनही थोडी कमी भरली. सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४ होता. आणि सत्तावीस माणसांनी चाळीस-चाळीस वेळा नाणे उडवले तरी त्यांच्यात एखाद-दुसऱ्याला २४ छापे पडतातच. एका ज्योतिष संस्थेने सर्वच्या सर्व २०० पत्रिका तपासल्या. बरोबर आल्या १०२. हा सगळा अहवाल २००९ साली ‘करंट सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला.

याने सारे ज्योतिष खोटे सिद्ध झाले काय? काटेकोर बोलायचे तर नाही. पत्रिकेवरून बुद्धी ओळखता येते, एवढा एक दावा या एका परीक्षेत उतरला नाही. चाचणी घेणाऱ्यांनीही मर्यादेतच बोलावे, ही पंडितांची रीत. पण आता पुढच्या परीक्षेची जबाबदारी दावा करणाऱ्यांवर आहे, हेही तितकेच खरे.

याआधी २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांतून ‘ज्योतिर्विज्ञान’ शिकवण्याचे ठरवले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००४ साली न्यायालयाने आयोगाच्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हे न्यायालय सांगू शकते. पण नावापुढे ‘विज्ञान’ लावल्याने एखादी गोष्ट विज्ञान होत नाही. ते ठरते परीक्षेच्या टेबलावर.

अल्पमतातला शास्त्रज्ञ

ज्या नारळीकरांनी ज्योतिषाची परीक्षा घेतली, ते स्वतः आपल्या क्षेत्रात आयुष्यभर अल्पमतात होते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. विश्वाची सुरुवात एका महास्फोटाने झाली, असे बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ मानतात. नारळीकर आणि त्यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल यांना ते पटत नव्हते. विश्वाला सुरुवात नाही, अशा मताच्या बाजूने ते उभे राहिले. १९६५ साली आकाशाच्या सर्व बाजूंनी येणारे मंद किरणोत्सर्जन सापडले आणि ते महास्फोटाचा मोठा पुरावा मानले गेले. नारळीकरांचा पक्ष मागे पडला. तरी त्यांनी मैदान सोडले नाही. १९९३ साली हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर आपला सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला. बहुसंख्यांना तो पटला नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आमच्या दृष्टीने यातली खरी शिकवण अशी. पुण्याची ‘आयुका’ ही संस्था १९८८ साली नारळीकरांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्याच संस्थेत महास्फोट मानणारे शास्त्रज्ञ सन्मानाने काम करत राहिले. संचालकांना पटत नाही म्हणून कुणाचे संशोधन बंद पडले नाही. आणि बहुमत विरुद्ध आहे म्हणून नारळीकरांनीही तोंड मिटले नाही. पंडितांचा वाद म्हणतात तो हा. दुसऱ्या बाजूला राजाच्या रीतीचा वादही याच पुण्याने पाहिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. दाभोलकरांवर गोळ्या झाडण्यात आल्या. गोळीने युक्तिवाद खोटा ठरत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला.

भरवसा कशावर ठेवायचा?

कुणी म्हणेल, हे सगळे ठीक आहे, पण आम्ही कुठे दुर्बीण लावायला जाणार? रोजी बुडवून प्रयोगशाळेत कोण जाणार? प्रश्न रास्त आहे. पण पतपेढीत पैसे ठेवताना आपण तरी प्रत्येक व्हाउचर कुठे तपासतो? वह्या उघड्या आहेत ना, ऑडिट दरवर्षी होते ना, ऑडिटर संचालकांचा मेहुणा तर नाही ना, एवढे पाहतो. विज्ञानाच्या बाबतीतही तेवढे पाहावे.

पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसलेल्या आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना तेव्हाच्या अफवा आठवत असतील. डोस दिला की पुढे मूल होत नाही, असे कुणीतरी सांगायचे आणि आया दार लावून घ्यायच्या. तेव्हा ‘सरकार सांगते म्हणून द्या’ हे उत्तर चालत नव्हते, कारण ते राजाचे उत्तर होते. चालले ते मोजलेले, उघडे उत्तर. देशात २००९ साली पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० साली ४२, आणि २०११ साली फक्त एक. त्यानंतर हा नैसर्गिक पोलिओ देशात आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. डोस घेतलेल्या मुली आज आया झाल्या आहेत. अफवेचा निकाल यापेक्षा स्वच्छ कोणता?

आपल्या भिंतीवरचे वाक्य

आता एक कडू घोट. परीक्षा दुसऱ्यांच्या दाव्यांची घ्यायची आणि आपल्या दाव्यांना माफी द्यायची, हे चालणार नाही. आइन्स्टाईन यांनी बौद्ध धम्म हाच भविष्याचा विज्ञाननिष्ठ धर्म असल्याचे म्हटले, अशा अर्थाचे एक वाक्य आपल्याकडे कॅलेंडरवर, जयंतीच्या फलकावर आणि आता मोबाईलवर फिरत असते. त्या शब्दांतले ते वाक्य आइन्स्टाईन यांच्या लेखनात सापडत नाही. १९३० सालच्या धर्म आणि विज्ञान यांवरील एका लेखात त्यांनी बौद्ध धम्माचा आदराने उल्लेख केला आहे, एवढे खरे आहे. तेवढे खरे आपल्याला पुरत नाही का? खोट्या दाखल्याची गरज त्याला लागते ज्याच्याकडे खरा नसतो.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना काय सांगितले? ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. एवढा भाग आपण भाषणात नेहमी सांगतो. पण त्याच यादीत पुढे असेही आहे, की नुसत्या तर्काला पटते म्हणून मानू नका, आणि हा श्रमण आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका. जे स्वतःला तपासणीतून वगळत नाहीत, त्यांची ही भाषा आहे. बाबासाहेबांनीही ज्या ग्रंथात नाकाच्या मोजपट्टीचा निकाल लावला, त्याच्याच प्रस्तावनेत आपला सिद्धांत हा अखेरचा शब्द समजू नये, असे बजावले आहे. एवढा मोठा विद्वान असे लिहितो, तेव्हा त्यांचे म्हणणे तपासणारा विद्यार्थी त्यांचा अपमान करत नाही. तो त्यांनी सांगितलेलेच काम करत असतो.

१९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चौकस बुद्धी यांचा समावेश झाला. ही चौकस बुद्धी काही महाविद्यालयात एकदम उगवत नाही. ती स्वयंपाकघरात आणि ओट्यावर वाढते किंवा तिथेच मरते. चार-पाच वर्षांचे पोर “कशावरून?” असे विचारते, तेव्हा दिवसभर यंत्रावर उभा राहून आलेला बाप “मी सांगतो म्हणून” असे म्हणून मोकळा होतो. थकवा आम्हाला कळतो. पण त्या क्षणी घरात राजाची रीत सुरू झालेली असते. “मला माहीत नाही, उद्या दोघे मिळून शोधू” असे उत्तर द्यायला पैसा लागत नाही की पदवी लागत नाही.

आणि उद्या त्याच पोराला वर्गात कुणी सांगितले, की तुझ्या रक्तातच ते नाही, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे, तर ते खाली मान घालणार नाही आणि हातही उगारणार नाही. ते विचारील, “कुणी मोजले? कसे मोजले? चुकले असेल तर कशावरून कळेल? वही दाखव!”